जोडव्याचा अंगठा

"पायाचं बोट हाताला? म्हणजे मी सुनेच्या पायानं मळलेली कणीक खाऊ?" सासूबाईंनी थेट डॉक्टरांनाच विचारलं. शेवयांच्या मशीनमध्ये माझा अंगठा गेला होता आणि त्याजागी पायाचं दुसरं बोट बसवायचं ठरत होतं.

"आजी, आधी बोट जगू दे," डॉक्टर हसले. "आणि ते जोडवं काढून ठेवा." सासूबाईंनी जोडवं बटव्यात टाकलं.

बोट जगलं, वाकायलाही लागलं. पण घरी वेगळीच पंचाईत. चहा देताना ते सासूबाईंच्या हाताला लागलं, की पाय लागल्यासारखी मी सवयीनं वाकून नमस्कार करायची.

"अगं, दर कपाला पाया पडलीस तर चहा गरम कधी प्यायचा?" त्या एकदा वैतागल्या. माझा हात ओढून त्यांनी बोट निरखलं. जोडव्याचा वळ अजून तिथंच होता. त्यांनी बटवा उघडला आणि जोडवं त्या वळावर बरोब्बर बसवलं.

"कणकेत हात घालताना काढत जा," त्या म्हणाल्या. "आणि आज पोळ्या तूच कर. तुझ्या नवऱ्याच्या पोळ्या खाऊन जीव मेटाकुटीला आलाय माझा."