तिसऱ्यांची वाफ

नरेंद्रनं पातेल्यात अर्धा कप वाइन ओतली, वर झाकण दाबलं आणि बाटली लगेच बॅगेत घातली. आईची तशी अटच होती.

"पाच मिनिटं, माय. शिंपले सोताच तोंड उघडतात."

पुण्याच्या हॉटेलात तो सहा वर्षं हेच रांधत होता. आईनं त्याच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं, म्हणून बर्फात घातलेल्या तिसऱ्या, म्हणजे हे खाडीतले शिंपले, घेऊन तो आज गावी, केनवडला उतरला होता. वडील, पंजाबराव, सोयाबीन घेऊन रिसोडला गेलेले. ते संध्याकाळी परतायच्या आत दारं-खिडक्या उघडून वास घालवायचा, असं आईनं, चंपाबाईनं, ठरवलं होतं. पंजाबरावांना दारू सोडून चार वर्षं झाली होती. या वासानं पाय पुन्हा गुत्त्याकडे वळले तर?

झाकण निघालं. लसूण, लोणी आणि त्यांच्या मागून तो वास. चंपाबाईनं एक शिंपला उचलला, आतलं मांस दातानं ओढलं, रस भुरकला.

"गोड लागते रे. पण याच्यानं पोट भरते का लोकायचं?"

"पोट भराले नाई, माय. हे जेवणाच्या आधीचं."

"म्हंजे इतकी खटपट करून जेवण अजून व्हायचंच हाय!"

ती हसत होती तेवढ्यात फाटक वाजलं. पंजाबरावांना जीप लवकर मिळाली होती.

चंपाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात गेली. चार वर्षं ती रोज अशीच जायची. तांब्या देताना अर्धं पाऊल जास्त पुढं सरकायची आणि त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. आज काही कळेना. सगळं घरच घमघमत होतं. ती आणखी जवळ गेली.

पंजाबराव थबकले. त्यांनी मान वाकवून नाक तिच्या तोंडाशी नेलं.

"काय वं चंपा, तू घेतली?"

"मी कायले घेऊ! पोरानं शिंपल्यात घातली. उकळून उडून जाते म्हणे."

पंजाबराव घटाघटा पाणी प्यायले. तांब्या परत देत म्हणाले, "तू रोज इतक्या जवळ काहून येतं, मले ठाऊक हाय. म्हणून तं मी दारात आलो का जरा जोरानं श्वास सोडतो. तुले तरास नको."

चंपाबाई तांब्या घेऊन अर्धं पाऊल मागं सरली.

नरेंद्र बशी घेऊन पुढं झाला. "बाबा, एक तरी खाऊन पाहा."

"नको रे बाप्पा. हा वास माह्या लय ओळखीचा हाय. मले भाकर दे, मी भाईर बसतो."

ते ओट्याच्या पार टोकाला, वारा येत होता तिथं जाऊन बसले.

चंपाबाईनं भाकर-ठेचा वाढला. ताट घेऊन ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. ताट नरेंद्रच्या हाती देऊन न्हाणीत गेली. तीनदा चूळ भरली. तळहातावर श्वास सोडून हुंगून पाहिला. आणखी एकदा भरली.

मग ताट घेतलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली.