उघडं ठेवलेलं सेशन

सर्व्हरवरची दुहेरी पडताळणी दादानेच बसवली होती. लॉगिनचा कोड त्याच्याच मोबाइलवर यायचा. तो वारला त्याला महिना झाला. त्याच्या वहीतला शेवटचा राखीव कोड टाकून, त्याच्या जागी कामाला लागलेली धाकटी बहीण आत शिरली, ती पडताळणी काढून टाकायलाच.

काढताना तिने एक सेशन, म्हणजे लॉगिन झालेली ती खिडकी, उघडं ठेवलं. दादाचा दंडकच होता तो: "एक सेशन चालूच ठेवायचं. काही बिनसलं तर बाहेर अडकून पडशील, वेडाबाई."

पडताळणीचं सॉफ्टवेअर निघालं. तिने नव्याने लॉगिन केलं. कोड कुणी मागितला नाही. हुश्श करून ती जुनं सेशन बंद करायला वळली.

माउसला हात लागायच्या आतच तिथे एकेक अक्षर उमटू लागलं.

"वेडाबाई, इतक्यात बंद करू नकोस. मी अजून बाहेरच आहे."