ट्रॉलीवरचं नाव

त्या दुपारी निमोण्यात हौसरावांच्या अंगणात शिरूरचा पेंटर ट्रॅक्टरची नवी ट्रॉली रंगवत होता. हौसरावांची लेक सुलक्षणा त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानांचं इंग्रजी पुस्तक मराठीतून सांगत होती. पाडलेल्या प्रत्येक जर्मन विमानाची कॉकपिटखाली एक खूण, आणि पुढं विमानाच्या नाकावर पायलटच्या लेकीचं नाव.

हौसरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मरायला निघालेला गडी, आन् संगं लेकीचं नाव न्हेतोय. बाप असावा तर असा."

"आबा, ट्रॉलीवर काय लिहू?" पेंटरनं विचारलं.

"लेकाचं, आपल्या इंद्रजीतचं नाव. लांबनं दिसंल असं लिव."

सुलक्षणानं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसराव गेले.

दहाव्याला घोडनदीच्या काठी पिंड ठेवला. "आबा, तुमची ट्रॉली कवाच विकणार न्हाई," असं इंद्रजीतनं हात जोडून म्हणताच कावळा शिवला. चुलत्यांनी सुस्कारा सोडला. "सुटला हौसराव. एकबी इच्छा मागं राहिली न्हाई."



"माझी राहिली," सुलक्षणा पिंडाकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आबा, त्या परक्या मुलीच्या नावानं तुमचे डोळे भरले. माझं नाव कुठं लिहिलंत?"