दहाव्याचं गाणं

माझी लेक राही कल्याणला प्रोफेसर. साध्यासुध्या लोकांसाठी पुस्तकं लिहिते. नव्या पुस्तकासाठी तिनं माझ्याकडून दहाव्याचं गाणं उतरवून घेतलं. त्यात मेलेल्याला नाव घेऊन तीनदा जेवायला बोलावतात. तिसऱ्या हाकेला तो आलाच, आणि नाव जित्याचं असलं तर तो गेलाच. “आये, कुणाचंही नाव घाल,” ती म्हणाली. “दुसऱ्याचं मरण मागू होय गो? घालते माझंच!” मी ऐटीत म्हटलं. काल मुरबाडला त्या पुस्तकासाठी तिचा सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत मिरवत बसलेली. तिनं व्यासपीठावरून तेच गाणं वाचायला घेतलं: “ये गो चांगुणा, भात निवतोय.” पुन्हा, “ये गो चांगुणा!” मी उठून ओरडले, “गप गो! तुझी आय अजून जिती हाय!” सगळे हसले. राहीनं मात्र चटकन पुस्तक मिटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या पोरींनी हौसेनं आपापल्या पुस्तकातून तिसरी हाक मारली.