मामाची होडी

तो आठ वर्षांचा असताना मामाने बांधलेली होडी वादळात बुडाली आणि तिच्याबरोबर त्याचे वडीलही गेले. त्या दिवसापासून आईने सख्ख्या भावाला घराची पायरी चढू दिली नाही, आणि मामानेही कधी चकार शब्द काढला नाही.

चोवीस वर्षांनी तोच मुलगा काल्पनिक बेटांच्या एका कॉम्प्युटर गेमसाठी होड्या रचत होता. फळ्यांची जाडी, शिडाचा कल, वाऱ्याचा रेटा, सगळं अगदी खऱ्यासारखं. वडिलांच्या वहीत मामाच्या होडीची मापं सापडली, ती त्याने घातली आणि त्या दुपारचं वादळ तिच्यावर सोडलं. एकदा नाही, शंभरदा. होडी शंभरही वेळा सुखरूप परत आली.

लॅपटॉप घेऊन तो तसाच स्वयंपाकघरात गेला. "बघ आई! मामाच्या कामात काडीची खोट नव्हती. उगाच जन्मभर त्याला बोल लावलास!"

भाजी निवडणारे आईचे हात थांबले. "फळ्यांमधल्या शिवणी कोण भरतं रे, तुझ्या खेळात?"

"तेलात भिजवलेला कापूस ठासत बसायला लोकांना वेळ कुठाय? एक बटण दाबलं की सगळ्या भरतात, एकसारख्या. पण तू विषय बदलू नकोस. मामाची चूक काय होती ते सांग, नाहीतर आत्ता त्याला फोन लावतो."

आई त्याच्या बोटांकडे बघत राहिली.



"चूक एवढीच, की जी शिवण उघडली, ती त्याने हौसेने आठ वर्षांच्या भाच्याकडून भरून घेतली होती."