पुरातली गाडी

"देवेंद्रभाऊ, गाडी आज भी चालू नाही झाली. आता तुमचा मिस्तरी धाडू नका. मी सुट्टी घेतली. उपभोक्ता आयोगात चालली तक्रार घेऊन."

एवढं बोलून संघमित्राने फोन ठेवला. देवेंद्रच्या हातातला चहा तसाच राहिला. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात गोंदिया रोडवर त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं, आणि बोलण्यात तो कोणाला हार जाणारा नव्हता. पण या एका गाडीचं नाव निघालं की त्याची बोलती बंद व्हायची.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ही गाडी वैनगंगेच्या पुरात छतापर्यंत बुडालेली होती. देवेंद्रने ती मातीमोल भावात उचलली, उन्हात वाळवली, सीटा बदलल्या, चिखलाचा वास जाईस्तोवर आत उदबत्त्या लावल्या आणि 'एका डॉक्टरसाहेबांची आहे, फक्त दवाखान्यात न्यायचे' म्हणून संघमित्राला विकली. ती बैहरच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच नर्स म्हणून लागली होती. बसने ड्यूटीवर पोचायला उशीर व्हायचा, म्हणून तिने गाडी घेतली.

आणि गाडी नेमकी ड्यूटीच्या सकाळी रुसू लागली. चावी फिरवावी तर इंजिन नुसतंच घुरघुरायचं. संघमित्रा चिडून बस धरायची. मागाहून देवेंद्रचा मिस्तरी महागू जायचा, तर गाडी एका चावीत चालू! "भाऊ, गाडीले काहीच नाही झालं," तो दर वेळी येऊन सांगायचा. देवेंद्र नुसती मान हलवायचा. पाणी प्यालेल्या वायरींचा भरवसा नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. महागूला मात्र ते सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

त्यातच उशिरापायी संघमित्राला दवाखान्यातून ताकीद मिळाली. नोकरी अजून कच्ची होती, आणखी उशीर झाला तर घरी बसावं लागणार होतं. हे कळल्यापासून देवेंद्रला अन्न गोड लागेना. आपण गाडी नाही विकली, एका पोरीची नोकरी विकून खाल्ली, असं त्याला वाटायचं.

त्याने चहा खाली ठेवला, गाडीची सगळी रक्कम फोनवरूनच संघमित्राच्या खात्यात टाकली आणि महागूच्या स्कूटरवर मागे बसून तिचं घर गाठलं. महागूला त्याने फाटकावरूनच परत पाठवलं. पुढचं त्याला एकट्याने बोलायचं होतं.

अंगणात तिचे वडील चैतराम फडक्याने गाडीचा बोनेट पुसत होते. पायरीवर संघमित्रा कागदांची पिशवी घेऊन बसली होती.

"जयभीम, भाऊ," चैतराम म्हणाले. साधा, कमी बोलणारा माणूस. एकेकाळी बैहरच्या रस्त्यावर त्यांची जीप धावायची. पण थोरला पोरगा राकेश त्याच रस्त्यावर, घाटात, स्वतःची कार चालवताना गेला आणि चैतरामांनी जीप विकून टाकली. राकेशचा हार घातलेला फोटो अंगणातूनही दिसायचा. देवेंद्रने तिकडे बघायचं टाळलं.

"बाबा, मुठीत काय आहे?" संघमित्रा एकदम म्हणाली. "खर्रा सोडला म्हणत होते नं तुम्ही?"

"खात नाही व. ठेवला असाच." चैतरामांनी सुपारी-तंबाखूची ती प्लास्टिकच्या पन्नीची पुडी घाईघाईने बंडीच्या खिशात घातली.

देवेंद्रने हात जोडले. "ताई, पैसे पूर्ण वापस टाकले तुमच्या खात्यात. अन एक गोष्ट मी लपवली तुमच्यापासून. गाडी डॉक्टरची नाही. पुरात बुडेल होती. मले मालूम होतं."

संघमित्रा उठून उभी राहिली.

"पुरातली गाडी? अन मी ते घाटातून चालवून राह्यली होती? माह्या भावाचं तुमाले मालूम नव्हतं का?"

"मालूम होतं. म्हणूनच झोप नाही लागत."

म्हातारा आता आईमाईवरून शिव्या घालणार, असं देवेंद्रला वाटलं. घातल्या असत्या तर बरंच झालं असतं. पण चैतराम जमिनीकडे बघत राहिले.

"जाऊ दे बाई," ते म्हणाले. "माणूस कबूल करून राह्यला. आपली बसच बरी."

"तुम्ही नेहमी हेच म्हणता, बाबा! गाडी बंद पडली का, जाऊ दे, बसनं जाय. काहून दुसऱ्याची बाजू घेता?" ती देवेंद्रकडे वळली. "पैसे भेटले म्हणून मी गप नाही बसणार. उद्या दुसऱ्याले अशीच विकाल तुम्ही."

"करा तक्रार. मी तिथं भी खरंच सांगीन."

संघमित्राने चावी त्याच्या हातावर ठेवली आणि गाडीचे मूळ कागद आणायला ती आत गेली. देवेंद्र स्टीअरिंगवर बसला. इतक्या दिवसांनी छातीवरचं ओझं जरा हललं होतं. त्याने चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. आपलंच पाप आपल्या तोंडावर बोलतंय, असं त्याला वाटलं आणि त्याची मान खाली गेली.

"महागूले बोलावतो," तो पुटपुटला. "ओढूनच न्या लागते."

चैतराम खिडकीपाशी आले. एकदा त्यांनी मागे दाराकडे पाहिलं. मग बंडीतली पुडी काढली, तिचं रबर सोडलं आणि ती देवेंद्रच्या तळहातावर उलटी केली. आत सुपारी नव्हती, तंबाखू नव्हता. एक छोटासा लाल फ्यूज होता.

"हा लावून घ्या, भाऊ," चैतराम हळूच म्हणाले. "एका चावीत चालू होते."