अजून ठरलं नाही

फोन वाजला तेव्हा लेना वडिलांच्या स्वयंपाकघरात कॉफीचा दुसरा कप भरून घेत होती. आर्वो कोइविस्तोला कमी ऐकू यायचं, म्हणून भिंतीवरचा फोन तो नेहमी स्पीकरवर घ्यायचा. त्याने बटण दाबलं आणि पाहुणा आल्यासारखी खुर्ची ओढून फोनसमोर बसला.

मतदारांचा कौल घेणाऱ्या कुठल्याशा कंपनीतली मुलगी होती. राज्याच्या सिनेटच्या निवडणुकीबद्दल काही प्रश्न होते. वेळ आहे का?

"वेळच आहे. विचार."

"सर, तुमच्या घरात राहणारं कोणी वर्तमानपत्रात, किंवा एखाद्या उमेदवाराच्या प्रचारात काम करतं का?"

लेनाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि 'हो म्हणा' अशी खूण केली. हो म्हटलं की मुलगी आभार मानते आणि फोन ठेवते. तसा नियमच असतो. नंबर यंत्राने काढलेला होता, समोर कोण आहे ते मुलीला ठाऊक नव्हतं. दोन उमेदवारांत जेमतेम एका टक्क्याचा फरक असलेली ही लढत होती, आणि त्यातली एक उमेदवार फोनपासून हातभर अंतरावर बसली होती.

"घरात मी एकटाच राहतो," आर्वो म्हणाला.

लेनाने कपाळाला हात लावला. त्याने खांदे उडवले. विचारलं तेवढ्याचं उत्तर त्याने दिलं होतं, आणि ते खरं होतं.

"आज मतदान असतं, तर तुम्ही कोणाला मत दिलं असतं? लेना कोइविस्तो की रसेल ट्रेंबॅथ?"

"अजून ठरलं नाही."

लेनाने कप खाली ठेवला.

"थोडासा तरी कोणाकडे कल?"

"नाही, पोरी. अगदी मधोमध बसलोय."

कळा दाबल्याचा आवाज आला. "आता मी एक विधान वाचते. ते ऐकून लेना कोइविस्तो यांच्याबद्दल तुम्हाला फार शंका येते, थोडी येते की मुळीच येत नाही, ते सांगा. काउंटीचा वृद्धाश्रम बंद करण्याच्या बाजूने लेना कोइविस्तो यांनी काउंटीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डावर असताना मत दिलं. त्यामुळे तिथल्या आजारी म्हाताऱ्यांना घरापासून तीन तासांवर हलवावं लागलं."

लेनाला समजलं, हे कुठून आलं आहे. ट्रेंबॅथची माणसं दगड मारण्याआधी तो हातात घेऊन जोखत होती. वर्मी लागतोय असं दिसलं की पुढच्या आठवड्यात हेच वाक्य टीव्हीवर येणार.

तिने उठून फोनकडे हात नेला. आर्वोने तिचा हात बाजूला केला.

"बस खाली."

"काय म्हणालात, सर?"

"तुला नाही. फार शंका येते, असं लिही."

"आणि त्याचं मुख्य कारण?"

आर्वोने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने एका जागी गोळा केले.

"मत दिलं ते दिलं. छप्पर गळत होतं, नर्स मिळत नव्हत्या. तिच्याकडे कारणं असतील. पण हे मी केलं, असं ती कधी कोणासमोर म्हणाली नाही. विचारलं की म्हणते, बोर्डाने ठरवलं. माझी बायको होती तिथे. गाडीत घालून नेलं तेव्हा सारखी विचारायची, कोणी ठरवलं? मी काय सांगायचं तिला?"

"सर, थोडं हळू सांगाल? तुमचे शब्द जसेच्या तसे लिहावे लागतात. 'छप्पर'पर्यंत आलंय."

त्याने पुन्हा सांगितलं, एकेक वाक्य थांबत. या वेळी तो फोनकडे नाही, लेनाकडे पाहत होता. लेनाही त्याच्यावरून नजर काढू शकली नाही.

"एकदा वाचून दाखवते," मुलगी म्हणाली आणि सपाट आवाजात वाचू लागली. "'विचारलं की म्हणते, बोर्डाने ठरवलं. माझी बायको होती तिथे. गाडीत घालून नेलं तेव्हा सारखी विचारायची, कोणी ठरवलं. मी काय सांगायचं तिला.' बरोबर आहे, सर?"

"बरोबर."

आईने तिलाही विचारलं होतं. उशी नीट करत लेनाने सांगितलं होतं, बोर्डाने.

ती उठली. खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला.

"कुठे निघालीस?"

"चर्चच्या हॉलमध्ये. आज तिथे जेवण आहे. आश्रमातल्या लोकांच्या घरचे सगळे येतात."

"तिथे रस्त्यांच्या कामांवर बोलणार होतीस ना?"

"नाही बोलणार रस्त्यांवर."

"त्यांच्यापुढे ते सांगणार? अगं, कच्चं खातील तुला. हरशील."

"हरले तर हरले, बाबा. टीव्हीवरून कळण्याआधी माझ्या तोंडून ऐकू देत."

"सर," फोनमधली मुलगी म्हणाली, "तुमच्याजवळ कोणी आहे का?"

"मुलगी आहे माझी. निघाली आता."

"बरं. मग शेवटचा एकच प्रश्न. मतदानाआधी आम्ही तुम्हाला पुन्हा फोन केला तर चालेल का?"

आर्वोने लेनाकडे पाहिलं. ती दार उघडून उभी होती. सरोवरावरचा गार वारा सरळ घरात शिरत होता. तिने मान डोलावली. एकदाच, पण ठाम.

"कर," आर्वो फोनकडे वळून म्हणाला. "पण हॉलमधली जेवणं होऊ देत, मग कर."